‘ताबा सुटला’ एवढे म्हणून भागणार नाही

‘चालकाचा ताबा सुटल्याने’. हे तीन शब्द जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत आपण किती वेळा वाचले असतील? एरंडोलजवळ, पारोळ्याच्या पुढे, पाळधीच्या अलीकडे, चोपड्याच्या रस्त्यावर. बातमी चार ओळींची असते. तीत गावाचे नाव असते, गाडीचा नंबर असतो, गेलेल्याचे वय असते आणि कारण म्हणून हे तीन शब्द असतात. आपण हळहळतो आणि पान उलटतो. ताबा सुटला म्हणजे नेमके काय सुटले, कधीपासून सुटत होते आणि कोणाकोणाला ते ठाऊक होते, हे विचारण्याची आपल्याला सवयच राहिलेली नाही.

धरणगावात आणि आसपासच्या खेड्यांत रोज दिसणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. पंधरा-वीस वर्षे जुनी मारुती, ओम्नी, सुमो, कमांडर जीप. मोठ्या शहरात वापरून झालेली, दोन-तीन हातांतून फिरत आपल्याकडे आलेली गाडी. अशा गाडीत बसलो की सरळ रस्त्यावरही चालकाचे हात सारखे डावी-उजवीकडे हलताना दिसतात. स्टेअरिंग चार बोटे नुसतेच फिरते, मग कुठे चाक वळते. ‘स्टेअरिंगला थोडा प्ले आहे, जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच,’ असे चालक सांगतो आणि आपणही मान डोलावतो. हे चालायचे नाही. का नाही, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. ताबा एका क्षणात सुटत नाही, तो महिनोन्महिने सुटत असतो. चालकाचे हात आणि रस्त्यावरचे टायर यांच्यामध्ये एक साखळी आहे. स्टेअरिंगचा दांडा, त्याचे कपलिंग, स्टेअरिंग बॉक्स किंवा रॅक, तिथून टाय रॉड आणि टाय रॉडच्या टोकाला गोळीचा सांधा. याच सांध्याला आपले मिस्तरी टाय रॉड एंड म्हणतात. प्रत्येक सांधा सूतभर झिजला तरी त्या सगळ्यांची बेरीज चालकाच्या हातात येते. गोळीच्या सांध्यावर रबराची टोपी असते आणि आत ग्रीस. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, जुने रबर तडकते. पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा चिखल त्या फटीतून आत जातो, ग्रीस धुऊन निघते आणि चिखलातली कच पोलाद खात राहते. गेल्या वर्षी माझ्याच जुन्या गाडीचा असा एक सांधा मिस्तरींनी काढून माझ्या तळहातावर ठेवला. शेजारी नवा ठेवला. नव्याची दांडी अंगठ्याने जोर लावल्याशिवाय हलेना. जुन्याची दांडी मात्र हात जरा तिरपा केला की मान टाकून पडत होती. टोपीच्या जागी रबराच्या दोन चिंध्या होत्या आणि आत सुकलेला चिखल. ‘भाऊ, गाडी तुम्ही नई, गाडीच तुमले चालाडी ऱ्हायनी,’ मिस्तरी म्हणाले. त्या सांध्याच्या भरवशावर मी सहा महिने घरच्यांना घेऊन जळगाव आणि धुळे केले होते. गाडी एखाद्या नाल्यात गेली असती तर बातमीत तेच तीन शब्द आले असते. तो ताबा सहा महिने सुटत होता आणि रोज माझ्या हातांना कळत होता. कळूनही गाडी काढली, हा माझा दोष होता.

२. ढिल्या स्टेअरिंगला कायद्याने हद्द घालून दिली आहे आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो की प्रत्येक मोटार वाहनाचे स्टेअरिंग सुस्थितीत असले पाहिजे, त्याचा मोकळा प्ले ३० अंशांच्या पुढे जाता कामा नये, सांध्यांवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि जिथे बोल्ट किंवा पिन आहेत तिथे त्या निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असल्या पाहिजेत. ३० अंश म्हणजे घड्याळात बारावरून एकपर्यंत. साधारण ३८ सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर, कडेने मोजले तर, हे अंतर १० सेंटीमीटर भरते, म्हणजे अर्धी वीत. ही शेवटची हद्द आहे, तिच्या आत असलेली प्रत्येक गाडी चांगलीच असते असा तिचा अर्थ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० याच्याही पुढे जाते. धोका निर्माण करणारा दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असताना, जो गाडी रस्त्यावर चालवतो किंवा चालवू देतो, तो गुन्हेगार ठरतो. दंड १,५०० रुपयांपर्यंत आहे. त्या दोषामुळे कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब कायदा ऐकून घेत नाही, कारण जे हाताला जाणवते ते माहीत नव्हते असे कोणीच म्हणू शकत नाही.

३. माझ्या गाडीचे स्टेअरिंग हा माझा खासगी मामला नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. स्टेअरिंग नुसतेच फिरण्यात अर्धा सेकंद गेला तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या आठ मीटरांत तिला दिशा देणारे कोणी नसते. आता आपले रस्ते आठवा. कापसाच्या हंगामात ट्रॉलीभर कापूस रस्त्याचा निम्मा भाग अडवून चाललेला असतो. सायकलवर शाळेत निघालेल्या मुली कडेने जात असतात. संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या बायका डोक्यावर भारा घेऊन डांबराच्या काठाने चालत असतात. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले खानदेशातले हजारो भाविक रात्रीच्या वेळी याच रस्त्यांच्या कडेला असतात. त्यांच्यात आणि भरधाव गाडीत अंतर किती असते? हात-दोन हात. ते अंतर राखण्याचे काम ज्या सांध्यांचे, तेच खिळखिळे असतील तर त्या मुलीने, त्या बाईने, त्या भाविकाने कोणाच्या भरवशावर चालायचे? रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणून माझ्या गाडीच्या सांध्यांचा हिशोब मागण्याचा अधिकारही त्या सगळ्यांना आहे.

४. पुलावर चूक सुधारायला जागा नसते. १८ जुलै २०२२ ची सकाळ आपल्या भागाने विसरू नये. इंदूरहून आपल्या शेजारच्या अमळनेरकडे निघालेली एस.टी. बस मध्य प्रदेशात खलघाटच्या पुलावरून कठडा तोडून नर्मदेत कोसळली आणि किमान बारा जणांचे प्राण गेले. त्या एका गाडीला कोणता दोष होता हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी घेतही नाही. त्या दिवसाने शिकवलेले मात्र प्रत्येक वाहनाला लागू आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी मीटरभर सरकली तर कच्च्या बाजूपट्टीवर जाते आणि आपण देवाचे नाव घेऊन परत वळवतो. पुलावर तोच मीटर शेवटचा ठरतो. बांभोरीचा गिरणेवरचा पूल, तापीवरचे पूल, गावोगावच्या नाल्यांवरच्या बिनकठड्याच्या मोऱ्या आपण रोज ओलांडतो. मोरीवर समोरून ट्रक आला की चालकाला गाडी बोटभर मापाने चालवावी लागते, आणि ज्याचे स्टेअरिंग चार बोटे नुसतेच फिरते त्याला बोटभर माप पाळता येत नाही.

५. गाडी जुनी असणे हा गुन्हा नाही, ती जशी आहे तशी हाकणे हा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण असा विषय निघाला की काही जण ‘जुन्या गाड्या भंगारात काढा’ म्हणून मोकळे होतात. गाडीच्या वयाची सरसकट बंदी आपल्याकडे नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला, शिक्षकाला, छोट्या दुकानदाराला नवी गाडी परवडत नाही आणि बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायला तीच जुनी गाडी कामी येते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी तिची चाके आपल्या खेड्यांत आजही फिरत आहेत आणि नीट राखली तर फिरायलाही हरकत नाही. पण परवडत नाही हे कारण किती ताणायचे? अशा गाडीच्या टाय रॉड एंडची जोडी एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडते. आपण सीटला नवे कव्हर घालतो, मोठ्या आवाजाचा टेप बसवतो, मागच्या काचेवर नाव रंगवून घेतो. आखाला वंगण घातल्याशिवाय आपले आजोबा बैलगाडी बाहेर काढत नव्हते. खर्चाची ऐपत आहे, फक्त तो कुठे करायचा याची क्रमवारी आपण उलटी लावली आहे.

६. अर्धवट दुरुस्ती ही दुरुस्तीच न करण्यापेक्षा वाईट असते. स्टेअरिंग ढिले झाले की मालक म्हणतो, ‘जरा आवळून द्या.’ जीपसारख्या गाड्यांत स्टेअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की दोन मिनिटांत प्ले कमी झाल्यासारखा वाटतो आणि मालक खूश होऊन निघतो. गाडी जास्त करून सरळ चालते, म्हणून बॉक्समधले मधले दात अधिक झिजतात आणि कडेचे तसेच राहतात. स्क्रू मधल्या दातांच्या बेताने आवळला की वळणावर, जिथे दात झिजलेलेच नाहीत, तिथे स्टेअरिंग जाम होते. वळण संपल्यावर ते आपोआप सरळ यायला हवे, तेही येत नाही. सरळ रस्त्यावरचा दोष आपण उचलून वळणावर नेऊन ठेवतो. खरी पद्धत सोपी आहे. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडे डावे-उजवे हलवायचे, दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. दांडा हलतो पण पुढचा भाग हलत नाही, तोच सांधा गेलेला. आधी टाय रॉड एंड, मग कपलिंग, बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, चाकाचे बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन हे सगळे पाहायचे, आणि बॉक्सला हात शेवटी लावायचा. सांधा बदलला की स्प्लिट पिन नवीच घालायची, तिच्या जागी तार पिळायची नाही. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करायचे, नाहीतर नवे टायर काही महिन्यांत एका बाजूने खाल्ले जातात. तुटलेल्या किंवा तडा गेलेल्या स्टेअरिंगच्या भागाला वेल्डिंग तर कधीच करू नये. जो भाग तुटल्यावर माणूस मरतो, त्या भागाची डागडुजी होत नसते, तो बदलायचाच असतो.

७. गॅरेजच्या दारात येणारे प्रत्येक वाहन ही मिस्तरीवर टाकलेली सार्वजनिक जबाबदारी आहे. आपले मिस्तरी कसबी आहेत, याबद्दल शंका नको. ज्या गाडीपुढे मोठ्या शहरातले वर्कशॉप हात टेकते, ती हे लोक रस्त्याकडेच्या झाडाखाली उभी करून चालती करतात. या कसबाला मान द्यायचा तर त्याच्याकडून एक मागणीही केली पाहिजे. काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्या, म्हणजे झीज त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मालक ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणाला तर बिलावर स्वच्छ अक्षरात लिहा, ‘स्टेअरिंग धोकादायक, गाडी चालवू नये.’ ब्रेक आणि स्टेअरिंग या दोन गोष्टींत ‘चालू द्या, काही होत नाही’ हे वाक्य गॅरेजमधून कायमचे हद्दपार करा. आणि मालकांनो, खरे सांगणारा मिस्तरी महाग वाटतो म्हणून त्याला सोडून खोटा दिलासा देणाऱ्याकडे जाऊ नका. ज्या मिस्तरीने तुमची गाडी अडवून ठेवली, त्याने तुमच्या मुलांचा जीव राखला असे समजा.

८. दुसऱ्यांची माणसे वाहून नेणाऱ्या वाहनांना तर कोणतीच सवलत नको. कालीपिलीत बसणाऱ्या बाईला स्टेअरिंग पाहता येत नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये दप्तरांसह कोंबलेल्या मुलाला ते समजत नाही. चालक अनेकदा मालक नसतो. ‘गाडी ढिली आहे’ असे त्याने सांगितले तर रोजी जाण्याची भीती असते. म्हणूनच कायद्याने चालवणाऱ्याबरोबर चालवू देणाऱ्यालाही धरले आहे. प्रवासी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पण वर्षातून एक दिवस नीट असलेली गाडी बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कशी असते? महाराष्ट्रात २०११ च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. पालकांनो, आपल्या शाळेची समिती शेवटची कधी बसली, तिने मुलांच्या गाडीच्या खाली डोकावून पाहिले का, हे एकदा मुख्याध्यापकांना विचारा. मुलाच्या गुणपत्रिकेवर आपण जितक्या बारकाईने नजर टाकतो, तितकी त्याला शाळेत नेणाऱ्या गाडीवर टाकत नसू तर आपली काळजी अपुरी आहे.

९. शासन धूर तपासते, स्टेअरिंग तपासत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. पहिल्या पंधरा वर्षांत काय? ‘पीयूसी’ होते, पण ती धुरापुरती. विमा उतरवला जातो, पण तो कागदापुरता. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दर वर्षी तिची सक्तीची तपासणी होते आणि तीत स्टेअरिंगचे सांधे हलवून पाहतात. जपानमध्ये पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी तपासणी असते. आपल्याकडे मात्र गाडीची कसून तपासणी बहुधा अपघात झाल्यावर, माणूस गेल्यावर होते. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. सरकारी तक्त्यात यातले बहुतेक अपघात अतिवेगाच्या रकान्यात बसतात. वेग दिसतो, झिजलेला सांधा दिसत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही. मागणी साधी आहे. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होते. त्यात फलक आणि फुले यांच्या जोडीने प्रत्येक तालुक्याच्या गावी जुन्या गाड्यांच्या स्टेअरिंग आणि ब्रेकची मोफत तपासणी ठेवा. परिवहन विभागाचे निरीक्षक, आयटीआयची मुले आणि गावातले मिस्तरी एकत्र आले तर बाजार समितीच्या आवारात एका दिवसात कितीतरी गाड्या पाहून होतील. दंडाची भीती न घालता दोष दाखवून द्या, दुरुस्तीला मुदत द्या. माणूस गेल्यावर होणारी तपासणी जितकी कसून होते, तितकीच कसून ती आधी झाली पाहिजे.

१०. आणि शेवटी, आपण स्वतः. वर मांडलेल्या सगळ्या जबाबदाऱ्या खऱ्या असल्या तरी गाडीची चावी आपल्या खिशात आहे. उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी दोन मिनिटे द्या. पुढची चाके सरळ ठेवा, खिडकीतून हात घालून स्टेअरिंग हलके डावे-उजवे करा आणि नजर टायरवर ठेवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर गाडी सुरू ठेवून, आत कोणाला तरी बसवून हेच करा. टायर हलायच्या आधी स्टेअरिंग किती नुसतेच फिरते ते बोटांनी मोजा. दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर लगेच मिस्तरींकडे जा. अर्धी वीत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, मिस्तरींना दारात बोलवा. खड्ड्यात गाडी गेली की पुढून खट्खट वाजते का, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, वेग वाढला की स्टेअरिंग हातात थरथरते का, एका कडेने टायर गुळगुळीत झाला आहे का, याकडेही लक्ष द्या. यांतले काहीही असेल तर लग्न, बाजार, देवदर्शन पुढे ढकला. वऱ्हाड एक तास उशिरा पोहोचले म्हणून लग्न मोडत नाही.

धरणगावकरांनो, आपल्या तालुक्यातून महामार्ग जातो आणि रोज आपलीच माणसे त्याच्या कडेने चालतात. यापुढे ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ असे वाचले की पान उलटू नका. त्या गाडीचा टाय रॉड एंड शेवटचा कधी बदलला होता, तिचा फिटनेस कोणी दिला होता, तिच्या मालकाला काय ठाऊक होते, हे विचारा. आणि तो प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीला विचारा. स्टेअरिंगवर हात ठेवलात की उत्तर मिळेल.